जयंतीच्या भाजीतलं मीठ

धावडा, ता. भोकरदन
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. बेबीनंदा हिस,
दादाचे अ. आ. आणि जयभीम.

आम्ही इकडं मजेत. तुम्हा मंठेकरांची खुशाली कळवावी. फोन करत जाऊ नको. माझे कान असे झाले की तू तिकडून बोलतीस अन् मला नुसती चिमणी चिवचिवल्यासारखी वाटती. मंग मी अंदाजानं हो-हो म्हणतो. मागच्या खेपेला त्या हो-हो पायी तुझ्या नणंदेला पोतंभर ज्वारी कबूल करून बसलो. आपलं पत्रच बरं.

गावात नवीनच खूळ निघालंय. हृदयरोग होऊ नये म्हणून आरोग्य केंद्राची माणसं आल्ती. त्यांनी बचत गटाच्या बायांना बीपीची मशीन शिकवली, अन् आता बाया कोणालाच सोडून न्हाई राह्यल्या. मंगळवारी समाजमंदिराच्या ओट्यावर बसतात, रस्त्यानं जाणाऱ्याचा दंड धरतात अन् पट्टा आवळतात. गिरणीवर दळण घेऊन जावं तर तिथंही ह्याच. ह्यांची म्होरकी कोण? आपल्याच घरची सून, भावना! सुमितला रोज सकाळी तलावापर्यंत चालवती. पोरगं दिवसभर शेतात राबतं, त्याला वरून आणखी चालवती.

मी काही दंड दिला न्हाई. मला काय झालंय? आख्ख्या गावाची भाजी अजून एकटा ढवळतो.

खरी गोष्ट पुढंच आहे. जयंतीच्या जेवणाची बैठक झाली, त्यात बायांनी मांडलं की यंदा वरण-भाजीत मीठ निम्मं अन् पापड-लोणचं बिलकुल बंद. बेबे, मिसरूड फुटलं तवापासून जयंतीचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. आजवर कोणी मला मीठ शिकवलं न्हाई. मी उठलो, म्हणलं मंग दुसरा आचारी पाहा, अन् चपला घालून घरी आलो. मालनला सांगितलं की सूनबाईनं आज चारचौघांत माझी पगडी उडवली. तर ती म्हणते, तुम्ही पगडी कधी घालत होता?

तू शिकलेली, शाळेवर मास्तरीण. बरोबर कोण ते तूच सांग, अन् सूनबाईला दोन शब्द लिही.

पायलला आशीर्वाद. मला जीव लावतीस तसाच लावत राहा.

तुझा दादा,
साहेबराव

मंठा
दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पावलं. पायल माहेरपणाला आली आहे, तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पगडीपाशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. वहिनीला माझ्याकडून शाबासकी सांग.

दोन शब्द लिहिते, पण भावनाला नाही, तुला. पायलच्या लग्नात तुझ्या भाजीची सगळ्यांनी तारीफ केली हे खरं. पण पाण्याचे जार दुपारीच संपले आणि माझ्या सासूबाईंनी तुझी पाठ वळताच वरणात तांब्याभर गरम पाणी ओतलं, हेही खरं. दादा, तुझ्या हाताची चव कोणी विसरलेलं नाही. पण अलीकडं मीठ चढतंय. वयानं जीभ मंदावते. मला चष्मा लागला तेव्हा मी पुस्तकांना दोष दिला नाही.

आणि आपले आबा आठव. तुझ्याहून कितीतरी लहान वयात गेले. बैल सोडता सोडता खाली बसले ते उठलेच नाहीत. छातीत उसण भरली म्हणालो आणि आपण गप्प बसलो. उसणीनं माणूस जात नाही, दादा. भावनानं त्या आबांना पाहिलेलं नाही, तरी त्यांच्यासाठीच ती ओट्यावर बसते असं मला वाटतं.

रागावायचं तर खुशाल रागाव, पण एकदा दंड दे. वहिनींना जयभीम. या बहिणीवरची माया आटू देऊ नको.

तुझी,
बेबीनंदा

धावडा
दि. ९ मार्च २०२५

ती. आत्यांस,
भावनाचा सविनय जयभीम, वि. वि.

मामांचं पाकीट पोस्टात टाकायचं काम माझ्याकडंच असतं, म्हणून तुमचा पत्ता पाठ आहे. फोन घरात सगळ्यांसमोर करावा लागतो, अन् मामांना एरवी काही ऐकू येत नसलं तरी त्यांच्याबद्दल बोललेलं बराबर ऐकू येतं.

तुमचं पत्र आलं अन् मामांनी बोलणंच टाकलं. चहासुद्धा खुणेनं मागायचे. मग शेजारी बारसं निघालं, तिथला स्वयंपाक त्यांचाच होता. एरवी वाढप सुरू झालं की ते चुलीपाशी बसून राहतात. त्या दिवशी उठले अन् पंगतीतून फिरले. लोक झकास झकास म्हणत होते अन् हात पाण्याच्या तांब्याकडं जात होता. एक म्हातारी भाजीत पाणी कालवून खात होती. मामा दिसले तसा तिनं ताटासमोर पदर धरला. तो पदर मामांना फार लागला. घरी येऊन आईंना विचारलं की माझ्या तोंडावर कोणी बोललं का नाही. आई म्हणाल्या, लोकांनी तुमचा मान ठेवला. मामा न जेवताच जाऊन झोपले.

पुढच्या मंगळवारी आम्ही ओटा आवरत होतो, तवा मामा आले अन् माझ्याकडं न बघता बाही वर केली. आत्या, आकडा पाहून मला मशीनच बिघडली वाटली. परत मोजलं, मग माझ्या दंडाला लावून पाहिलं. मशीन चांगली होती. हे शेतात होते. गटातल्या प्रीतीताईनं धावत जाऊन जीप आणवली. दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढली, औषध दिलं, एक दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, असंच अंगावर काढलं असतं तर लकवा नाहीतर झटका आलाच असता. मी जिन्यात जाऊन रडून आले. हे मामांना कळवू नका.

आता तब्येत चांगली आहे, गोळी चालू आहे. पण जयंतीच्या स्वयंपाकाचं नाव काढत नाहीत. समितीचे लोक येऊन गेले, त्यांना म्हणाले की माझी जीभ खोटी पडली, दुसरा माणूस बघा. दिवसभर ओसरीत बसून राहतात. मला ते बघवत नाही. मी मीठ कमी करा म्हणले होते, मामांना कमी करा म्हणले नव्हते. काय करावं ते सुचवा.

लेकीसारखी समजून चुकलं-माकलं पोटात घाला.

आपली,
सौ. भावना

धावडा
दि. १७ एप्रिल २०२५

चि. बेबीनंदास,
दादाचे अ. आ. आणि जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, दंड दे म्हणलेलं अन् मागून तब्येत विचारलेलं. उत्तराला उशीर झाला, कारण जयंती. हो, स्वयंपाक मीच केला! कसा ते ऐक.

बायांनी कमी मिठाची भाजी करून पाहायचं ठरवलं अन् आपल्याच अंगणात चूल मांडली. भाजी अशी झाली की प्रीतीनं चव घेतली अन् लगेच दुसरीकडं बघू लागली. मी ओसरीतून सगळ्यांची तोंडं पाहून राह्यलो. मीठ काढलं, पण त्याच्या जागी काही घातलंच न्हाई! मला बसवेना. उठलो, उलथनं हिसकून घेतलं. तीळ अन् जवस भाजायला लावले, लसूण वाढवला, आंबट चुका आणवला, वरून लिंबू. मिठाचा अंदाज मला येत न्हाई, म्हणून मालनला चाखायला बसवलं. ती एक सांगे, प्रीती दुसरंच सांगे, दोघींची जुंपली अन् भाजी मधल्यामधी बराबर जमली. सूनबाई बाजूला उभी राहून हसून राह्यली होती. मला तर वाटतं ती पहिली भाजी तिनं मुद्दामच बिघडवली. विचारलं तर कबूल होत न्हाई. तूच तर शिकवलं न्हाईस ना तिला?

जयंतीला आख्खं गाव जेवलं. सोमेश्वर ट्रॅक्टरवाला पापड न्हाई म्हणून उठून चालला होता, त्याच्या आईनंच दंडाला धरून खाली बसवला. काही जण कुरकुरले, पण भाजी दुसऱ्यांदा त्यांनीच मागितली. अन् मांडवाच्या तोंडाशी बायांनी मशीन लावली होती. बाप्ये तिथं नाना बहाणे सांगतात, मंग मला तिथं उभं केलं. बहिऱ्याशी हुज्जत कोण घालणार? मी आपला दंड धरायचो अन् पट्ट्यात सारायचो. बऱ्याच जणांचं वाढलेलं निघालं. आता गल्लीगल्लीत एकेक बाई नेमलीय, ती संध्याकाळी गोळी खाल्ली का विचारत फिरती.

एक विचारतो. सूनबाईच्या मोबाइलवर पायलचा निरोप आल्ता की मामाला लंबी पत्रं लिहिणाऱ्या आईनं स्वतःचं बीपी कधीच मोजलेलं न्हाई. खरं का?

उत्तर जल्दी दे. आठवण धरून राहा.

तुझा दादा,
साहेबराव

मंठा
दि. २४ एप्रिल २०२५

ती. दादास,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

जयंतीचं वर्णन वाचून जीव सुखावला. भाजीबद्दल मी भावनाला काहीही शिकवलेलं नाही. फक्त एवढंच लिहिलं होतं की दादाला वाईट स्वयंपाक बघवत नाही.

पायलचं खरं आहे. शाळा, परीक्षा, घर, मला काय होतंय, असं मीही म्हणत होते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी पायल सासरहून आली आणि मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. दादा, माझंही वाढलेलं निघालं. तुझ्याइतकं नाही, पण गोळी सुरू झाली. रांगेतल्या बाकावरून मी दोनदा उठून दाराकडं निघाले होते. तुला मी किती सहज लिहिलं होतं, दंड दे म्हणून.

घरात पायलशिवाय अजून कोणाला बोलले नाही. तुलाच पहिलं कळवते. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात, तरी मन थाऱ्यावर नाही. वेळ मिळेल तेव्हा चार ओळी लिही, बरं वाटेल.

तुझी,
बेबीनंदा

(पोस्टकार्ड)

धावडा
दि. २८ एप्रिल २०२५

चि. बेबीनंदास,
अ. आ. आणि जयभीम.

चार ओळींनी माझं भागत न्हाई. उद्याच्या पहिल्या गाडीनं मी अन् मालन निघून राह्यलो. हे कार्ड तुझ्या हातात पडेल तवा मी बहुतेक तुझ्याच चुलीपुढं बसलेला असेन, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला झोप येणार न्हाई. मालननं जवस भाजून घेतलेत. सूनबाईनं मशीन पिशवीत घातलीय अन् कशी लावायची ते मला तीनदा शिकवलंय. आठवडाभर तुझा स्वयंपाक माझ्याकडं. सासूबाईंना सांग, पाण्याचा तांब्या खाली ठेवा.

घाबरू नको. तू धाकटी आहेस. माझ्या आधी तुला काही व्हायची परवानगी न्हाई.

तुझा,
दादा