वस्तीवरची शाळा

प्रिय अर्पिता,

तुझ्या बढतीची बातमी अम्मीनं सगळ्या गल्लीत सांगितली. उमरग्याच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो, हेही ती तोऱ्यात सांगते. मलाही तुझा अभिमान आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

मुरुमजवळच्या आमच्या वस्तीवरची शाळा बंद होऊन वर्ष होत आलं. चार वर्ग, शिकवणारी मी एकटी आणि मुलं अगदी मोजकी. छोट्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या, हे तुझं धोरण मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. इथं, मी आता शिकवते त्या मोठ्या शाळेत, प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे, मुलांना सवंगडी आहेत. तू मंत्रालयातून मुद्दाम वस्तीवर आलीस. वस्तीवरच्या मथुराबाईंनी विचारलं, "मॅडम, गाडी न्हाय आली तर लेकरं कशी जायाची?" तू म्हणालीस, "गाडी येईल, आजी. त्याशिवाय शाळा बंद होणार नाही." तू खोटं बोलली नाहीस. आदेशात तसंच होतं.

गाडी दिवाळीपर्यंत आली. मग ठेक्याची मुदत संपली. नवा ठेका तालुक्यानं द्यायचा की जिल्ह्यानं, यावर फाईल अजून फिरतेय. मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "मिनाज, मी नियम करू शकते गं, ठेका देऊ शकत नाही." लई थकलेला वाटला तुझा आवाज.

मुलगे कुणाच्या ना कुणाच्या सायकलीवर बसून जाऊ लागले. मुली घरीच राहिल्या. मथुराबाईंची नात शिवकन्या तेवढी हट्टानं चालत यायची, हायवेच्या कडेनं. गेल्या महिन्यात तिला ट्रकची धडक बसली. जीव वाचला. सोलापूरला ऑपरेशन झालं, पण गुडघा आता वाकणार नाही म्हणतात. मी दवाखान्यात गेले, तर मथुराबाई चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "तुमच्या त्या मैत्रिणीला कळलं का हो, बाई?" एवढंच विचारलं.

वस्तीनं कोर्टात जायचं ठरवलंय. वकील म्हणतात, आदेशाला स्थगिती मिळाली तर ती सगळ्या जिल्ह्याला लागू होईल. तेर गावाकडच्या एका वाडीवर गाडी रोज येते, तिथल्या मुली आनंदानं मोठ्या शाळेत जातात. त्यांचंही थांबेल. हा विचार माझी पाठ सोडत नाही. तरी सोमवारी मी प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहे. नोकरीचं काय होईल ते होवो. त्यात तुझं नाव आहे, अर्पिता, आणि तुझ्याविरुद्धची साक्ष माझी आहे. तुला आधी कळवू नका, असं वकिलांनी बजावलंय. पण नोटिशीत माझं नाव तू परक्यासारखं वाचावंस, हे मला सोसलं नसतं.

रागावलीस तरी तुझीच,
मिनाज