माहीत नसलेल्याची पट्टी

ता. ५ जुलै

चि. मास्तरीणबाईंना काकांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल. चिरंजीव बोटीवर आणि सूनबाई नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी, त्यामुळे यंदा नात आमच्याकडे. तू तिला पाळण्यात पाहिलीस. आता तिसरीत आहे, आणि एका जागी टिकत नाही म्हणून नाव पडलंय भिंगरी. तुझ्या काकूचे गुडघे संपावर गेले तरी या पोरीची जीभ काही थकत नाही.

काळजी एकच. गणिताचं पुस्तक उघडलं की भिंगरीचं पोट दुखतं. बेरीज-वजाबाकी मांडून दिली तर निमूट करते, पण तेच शब्दांत आलं की दिसतील ते आकडे उचलते आणि मिळवते. काल विचारलं, की एका टोपलीत वीस संत्री आहेत, ती दुसरीपेक्षा आठने जास्त आहेत, तर दुसरीत किती? लिहिलं अठ्ठावीस. कारण विचारलं तर म्हणाली, 'जास्त' आलं की बेरीज, हे आजोबांनीच शिकवलंय.

शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं, की सहामाहीत जमलं नाही तर तिला दुसरीत बसवावं लागेल. शाळा नवी, आईबाप लांब, त्यात मैत्रिणी पुढे आणि ही मागे. पोर मिटून जाईल गं. सूनबाईला अजून कळवलं नाही. कळलं तर ती सगळं सोडून परत येईल. जन्मभर पुलांचे नकाशे काढले, पण दोन टोपल्यांपुढे हात टेकले. तुझा रोजचा धंदा हाच, तेव्हा उपाय कळव.

आशीर्वाद आहेतच, आणि उत्तर लवकर आलं तर ते दुप्पट होतील.
तुझा काका

*

ता. ११ जुलै

ती. काकांना सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग नाही हसले. भिंगरीचं पोट खरंच दुखतं, तिला ढोंगी म्हणू नका.

आमच्या वर्गात आकड्यांना हात लावायच्या आधी मुलं गोष्टीचं चित्र काढतात. संत्री काढायची नाहीत, नुसत्या आडव्या पट्ट्या. पहिल्या टोपलीची एक लांब पट्टी. तिच्याखाली, डावी टोकं जुळवून, दुसरीची आखूड पट्टी. लांब पट्टीवर लिहायचं वीस. तिचा जो तुकडा पुढे येतो, त्यात आठ. आखूड पट्टीत प्रश्नचिन्ह. एवढं समोर आलं की 'जास्त' हा शब्द कितीही खुणावू दे, मुलं फसत नाहीत. दिसतंच ना, की लांब पट्टीतून तुकडा काढला की आखूड उरते.

सुरुवातीला आमच्या हेडबाईंनी विचारलं होतं, की हा चित्रकलेचा तास आहे का? आता त्याच नातवासाठी पट्ट्यांचे कागद मागून नेतात.

काकूंच्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची पुतणी

*

ता. २० जुलै

चि. मास्तरीणबाईंना आशीर्वाद.

तुझं औषध लागू पडलं नाही. मी ड्रॉइंग बोर्ड काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि माप धरलं, एक सेंटिमीटरला दोन संत्री. वीसची पट्टी दहा सेंटिमीटर, आठचा तुकडा चार. इथवर ठीक. पण दुसऱ्या टोपलीची लांबी आणायची कुठून? उत्तराशिवाय चित्र निघत नाही आणि चित्राशिवाय उत्तर. अगं, जिला माप नाही ती पट्टी म्हणजे थाप. आमच्या ऑफिसात असा नकाशा कुणी साहेबांपुढे ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत घरी बसला असता.

लोभ आहे. पद्धतीवर नाही, तुझ्यावर.
काका

ता. क. हे मी, काकू, लिहिते आहे. यांनी अर्धंच सांगितलंय. पोरीने काढलेली प्रत्येक पट्टी यांनी खोडली, कारण आठचा तुकडा बोटभर लांब झाला होता. शेवटी कागद फाटला आणि ती न्हाणीघरात कडी लावून बसली. मी दाराशी बसून कशीबशी समजूत घातली. आता ती यांच्याशी बोलत नाही आणि हे धड जेवत नाहीत. काय ते लिही, आणि जरा कडक लिही.

*

ता. २६ जुलै

ती. काकांना सा. न.

काकूंचा हुकूम आहे, म्हणून कडक लिहिते.

पुलाचं माप चुकलं तर पूल पडेल. इथे काय पडणार आहे? ही पट्टी मोजण्यासाठी नसतेच. कोण मोठं, कोण लहान आणि आपल्याला काय माहीत नाही, एवढं दाखवलं की तिचं काम झालं. माहीत नसलेल्यालाही कागदावर जागा द्यायची. मुलांची अर्धी भीती तिथेच जाते.

तेव्हा फूटपट्टी कपाटात आणि किल्ली काकूंकडे. पेन्सिल भिंगरीच्या हातात. तुम्ही दोनच गोष्टी विचारायच्या. गोष्ट तुझ्या शब्दांत सांग, आणि यात कोण मोठं? खोडरबरला हात लावायचा नाही. पण त्याआधी तिची समजूत काढा. मला जमलं नाही, तू दाखवतेस का, असं म्हणून बघा. खरंच आहे की ते.

रागावला असाल तर राग थोडाच ठेवा, लोभ मात्र पूर्वीएवढाच.
तुमची पुतणी

*

ता. १४ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

मधे पत्र नाही, कारण सांगण्यासारखं घडतंय का तेच बघत होतो.

तू म्हणालीस तसं तिला म्हटलं, की मला जमत नाही, दाखव. दोन दिवस दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी खडू घेऊन आली आणि मला मागच्या ओट्यावर बसवलं. गोष्ट तिच्या शब्दांत अशी, की मोठ्या बहिणीने जास्त संत्री लाटली आणि धाकटीवर अन्याय झाला. रागारागात दोन पट्ट्या ओढल्या. त्या वाकड्या होत्या, मी हात मांडीखाली दाबून बसलो. मग तिने पुढे आलेल्या तुकड्यावर तळहात ठेवला, तो झाकला आणि म्हणाली, आता दोघी सारख्या. थोडा वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, बारा. मी चष्मा पुसत बसलो.

त्यानंतर ओट्याची फरशी कधी कोरी दिसली नाही. काकू पुसते, ही काढते.

सहामाही झाली. शब्दांची उदाहरणं सगळी बरोबर. नुसत्या बेरजांत एका ठिकाणी सात आणि आठ सोळा केलेत, पण ते तिच्या वडिलांकडून आलंय. बाई म्हणाल्या, तिसरीतच राहू दे. मग सूनबाईला फोनवर सगळं सांगितलं. लपवल्याबद्दल तिने मला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग बराच वेळ फोनवर नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं.

खालचं पत्र भिंगरीचं आहे. मला वाचायची बंदी आहे. माझ्याकडून तुला जेवढा लोभ मावेल तेवढा.
काका

*

आत्या, तुला सा. न. वि. वि. (वि. वि. म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण आजोबांनी लिहायला सांगितलं.)

काल आईचा फोन आला. मी तिला उदाहरण घातलं. माझ्याकडे पंधरा खडू आहेत, ते आजोबांपेक्षा सहाने जास्त आहेत, तर आजोबांकडे किती? तिने लगेच सांगितलं, एकवीस. मी म्हटलं, चूक. ती हसली. मग म्हणाली, की तिचीपण परीक्षा आलीय, आणि प्रश्न बघितला की तिला काही सुचत नाही.

मी तिला सांगितलं की असं होतं. घाई करू नकोस. जे माहीत नाही त्याचीपण पट्टी काढ, आत प्रश्नचिन्ह घाल आणि बघत बस. ती म्हणाली, तिच्याकडे आत्ता कागद नाही. मी म्हटलं, हातावर काढ. मी थांबते.

मी थांबले. मग ती म्हणाली, नऊ.

माझ्यावर लोभ ठेव, मी पण ठेवते.
तुझी भिंगरी