बाबांची साक्ष

डोकमर्डी, सिल्वासा
डिसेंबर १९९३

प्रिय रोशनी,

तुला, जावईबापूंना आणि मी अजून न पाहिलेल्या माझ्या नातवाला प्रभूच्या नावानं सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. बाबांनी ते दारातच उभं राहून वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग शेजारच्या मंजुळाबाईंना हाक मारून पुन्हा वाचलं. नाताळला तू बाळाला घेऊन येणार आणि त्याला प्रभूला अर्पण करायचं ते आपल्या मंडळीत, आजोबांच्या हातून, ही ओळ दर वेळी जरा मोठ्यानं. रविवारी उपासनेत जाहीरसुद्धा करून टाकलं. मी म्हटलं, अहो, पोरीनं अजून तिकीट काढलेलं नाही. पण त्यांना कोण आवरणार! येता-जाता बाळाचं नाव घेतात आणि स्वतःशीच हसतात.

आपली मंडळी आता ओळखू येणार नाही एवढी वाढलीय. तू होतीस तेव्हा एका सतरंजीवर सगळे मावायचो. आता सायली गावच्या कारखान्यांत नवापूर-साक्रीकडून पोरं येतात, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहतात आणि रविवारी आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये येऊन बसतात. पाळकसाहेब वापीहून महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजन देतात आणि जातात. बाकी सगळं बाबांच्या अंगावर. कोणाच्या खोलीवर प्रार्थना, कोणाला दवाखान्यात डबा, कोणाच्या मयतीला खड्डा खणायला माणसं गोळा करणं. कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि पुन्हा सायकल काढायची. लग्न मी एका फिटरशी केलं आणि संसार अख्ख्या मंडळीशी करतेय, असं मी चिडून म्हणते. ते म्हणतात, मग तुला कधी कंटाळा येणार नाही. खरंच, त्यांच्याबरोबर मला कंटाळा कधीच आला नाही.

आता मुद्द्यावर येते. वर्षाच्या सुरुवातीला बाबांच्या छातीत कफ झालाय, असं आम्ही तुला कळवलं होतं. तुला दिवस गेले होते, म्हणून खरं सांगितलं नाही. तो टीबी होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. इकडे मंडळीनं त्यांच्यासाठी शुक्रवारचे उपास धरले. रात्रपाळी करून आलेली पोरंसुद्धा चहा न घेता गुडघ्यावर बसायची. हळूहळू खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, चेहरा पहिल्यासारखा झाला. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, सोडल्या तर दुखणं दुप्पट जोरानं उलटतं.

ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. उपदेश संपल्यावर ते म्हणाले, प्रभूनं ज्याला बरं केलं असेल त्यानं उभं राहून साक्ष द्यावी. सगळ्या माना बाबांकडे वळल्या. ज्यांनी त्यांच्यासाठी उपास धरले त्यांचा तो हक्कच होता म्हण. बाबा उठले आणि म्हणाले, ‘प्रभूनं मला पूर्ण बरं केलंय. माझ्यात आता आजार उरलेला नाही.’ आपला भिका ढोलकी बाजूला ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागला. मीही रडले, आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी रोजच्यासारखी गोळी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली. म्हणाले, ‘मंगला, मंडळीसमोर देवाचं नाव घेऊन बोललो की आजार उरला नाही. आता घरात लपून गोळी घेऊ? मग खोटा कोण, मी की प्रभू?’ मी डॉक्टरांचं सांगितलं, तुझं सांगितलं, होणाऱ्या बाळाचं सांगितलं. त्यांनी गोळ्यांची पिशवी उचलून कपाटावर ठेवून दिली. रोशनी, दुसरा कोणी असता तर बाहेर एक, घरात एक असं करून निभावून नेलं असतं. कारखान्यातला एक खिळा कधी खिशातून घरी न आणणारा हा माणूस. त्याचा खरेपणाच आमच्या मुळावर आला.

तुझं बाळंतपण माहेरी न करता तिकडेच करा, असं मी तुझ्या सासूबाईंना कळवलं आणि तू महिनाभर माझ्याशी रुसून बसलीस. पहिलटकरणीला माहेर नको म्हणणारी आई कुठली, असं लिहिलं होतंस. ते वाचून मी किती रडले ते मलाच ठाऊक. बाबा तेव्हा ठणठणीत दिसत होते, पण माझ्या जीवाला स्वस्थता नव्हती. आणि झालंही तेच. दिवाळीनंतर खोकला परत आला.

मी काय काय करून पाहिलं ते ऐक. पाळकसाहेबांना एकटं गाठून सगळं सांगितलं. भला माणूस. त्यांनी त्याच रविवारी उपदेशात स्पष्ट सांगितलं की औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, औषधही देवानंच दिलंय. बाबा पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं आमेन म्हणाले. घरी येताना मला म्हणतात, बरं झालं साहेब बोलले, मंजुळाबाईंना त्याची गरज होती. हसावं की रडावं तेच कळेना. कारण असं, की बाबांची साक्ष ऐकून मंजुळाबाईंनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दानाच्या थैलीत टाकली होती! थैली उलटी केल्यावर ती बाहेर पडली. बाबा ती घेऊन लगबगीनं त्यांच्या दारी गेले, ‘बाई, असं करू नका, गोळ्या घ्या.’ बाई काय ऐकतात! म्हणाल्या, ‘मंग तुमी काबरं सोडल्या, भाऊ?’ बाबा पट्टी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून परत आले. बाईंना नंतर मी दमात घेतलं आणि गोळ्या सुरू करायला लावल्या. यांना दमात घेणारं कोण आहे?

पाळकसाहेबांनी एकदा बाबांना सरळ विचारलं, तर म्हणाले, ‘ही परीक्षा आहे, साहेब. ढळलो तर एवढ्या पोरांचं काय?’ यावर साहेबांनी प्रार्थना केली आणि वापीची बस पकडली. मग मी कपाटावरची लाल गोळी फोडून त्यांच्या आमटीत कालवली. पण त्या गोळीनं लघवी लाल होते, हे ते विसरतील कसे? सकाळी मोरीतून बाहेर आले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडले असते तर परवडलं असतं. तेव्हापासून ते स्वतःच्या हातानं वाढून घेतात.

ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची कपबशी विसळली नाही, तो आता स्वतःचे रुमाल स्वतः धुतो. मी समजायचं ते समजते. उपासनेत खोकल्याची उबळ आली की भिकाला खूण करतात आणि तो बिचारा ढोलकी जोरात वाजवतो. त्याला वाटतं, भाऊंना आज जोर चढलाय.

आणि बाबांची अर्पण करायची रीत तुला माहीतच आहे. बाळाला उचलून घेतात, त्याचं कपाळ आपल्या ओठांशी धरतात आणि त्याचं नाव घेऊन कानात सावकाश प्रार्थना करतात. मागच्या महिन्यात मंडळीतल्या झुंबरची तान्ही मुलगी त्यांच्या हातात होती. मला बसवेना. प्रार्थना चालू असताना मी उठले आणि बाळ ओलं झालंय म्हणून त्यांच्या हातातून काढून घेतलं. बाळ कोरडं होतं. झुंबर माझ्याकडे बघतच राहिली. पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून मी तिला आणि मुलीला दवाखान्यात नेऊन तपासून आणलं, तेव्हा कुठे मला झोप लागली. बाबा त्या दिवशी माझ्यावर फार रागावले, देवाच्या कामात हात घालतेस म्हणाले. इतक्या वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते.

तू म्हणशील, मग मंडळीसमोर उभी राहून सांगून टाक. मी गेल्या रविवारी उठलेही होते. समोर ती सगळी पोरं, घरदार सोडून आलेली, बाबांच्या तोंडाकडे बघत बसलेली. आणि बाबा माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मी आजी झाल्याची साक्ष देणार. मी तेवढंच बोलून खाली बसले. माझ्याच्यानं नाही झालं, रोशनी. उद्या होईल का, तेही सांगता येत नाही. दुसऱ्यांच्या लेकरांचा विचार आला की उठते आणि यांचा चेहरा समोर आला की पुन्हा खाली बसते. प्रार्थनेला बसते तर काय मागावं तेच समजत नाही. त्यांना बरं कर म्हणते. मग वाटतं, त्यापेक्षा सगळ्यांसमोर एकदा खोटे पडू देत, म्हणजे तरी गोळी घेतील. नवऱ्यासाठी असलं मागणं मागते आणि आमेन म्हणायला घाबरते.

ते कामावर गेल्यावर हे लिहितेय आणि पोस्टात स्वतः टाकून येणार आहे. निघताना सायकलवर बसता बसता म्हणाले, पत्रात माझी एक ओळ घाल. घालते: ‘माझ्या नातवाला लवकर आण, मी त्याला कुशीत घेऊनच नाताळचं गीत म्हणणार आहे.’ ही त्यांची ओळ. आता माझी. तू येऊ नकोस. बाळाला इथे आणू नकोस. न येण्याचं कारण तुझ्याकडचं काहीतरी लिही, सासूबाईंचं लिही, तुझं मन नाही असं लिही. ते तुझ्यावर रागावतील, पोरगी सासरची झाली म्हणतील, आणि त्यांच्या शेजारी बसून मीही मान हलवीन. तेवढं सोस. मला माझ्या नातवाला बघायचंय गं, पण तू येऊ नकोस.

तुझीच,
आई