दुसऱ्या बाजूची बाई

सेंट लुइस,
रविवार, ११ ऑक्टोबर १९६४

चि. रेफील्ड,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, हल्ली शांत असते. मी आज चर्चला गेले नाही.

तुझी रेकॉर्ड उन्हाळ्यापासून घरात आहे, पण तुझं पत्र आल्यापासून दुसरं काही लावलेलं नाही. एका जागी बसून ऐकणं मात्र होत नाही. भेंडी चिरायला घेते, टाकते, सुई उचलायला उठते, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या बाजूला तू असा सुसाट सुटतोस की ड्रमवाल्याची दमछाक ऐकू येते. गुत्त्यात लोकांसमोर वाजवतानाच केलेली रेकॉर्ड, त्यामुळे बाटल्या, खुर्च्या, कुणाचं तरी भांडण, सगळं आलंय त्यात. स्टुडिओतल्या तुझ्या रेकॉर्ड इस्त्रीच्या कपड्यांसारख्या. हिला घामाचा वास आहे. गिटारला असं बोलतं करणारा तूच पहिला. तुझे सूर उचलणारी गोरी पोरंही आता ते कबूल करतात. मला फार अभिमान वाटतो.

पण तुझ्या पत्राने डोकं फिरलं. दुसऱ्या बाजूच्या संथ गाण्यात तू मध्येच थांबतोस आणि एक बाई ओरडते, "घाई नको, लेकरा! देव आहे!" पेपरवाल्यांनी तिला झिंगलेली म्हटलं, म्हणून पुढच्या प्रतींमधून तो आवाज कापायला तू कंपनीला सांगणार.

अरे, गुत्त्यात असं कोण ओरडतं? पाद्रीबुवांचा शब्द अडला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या असा धीर देतात. तू पहिल्यांदा चर्चमध्ये वाजवलंस, बोटं अडखळली, तेव्हा कोण ओरडलं होतं?

हो, तीच, आपली आई. "सैतानाची गाणी वाजवणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही" म्हणणारी. त्या रात्री मीच नेलं तिला, नदीपलीकडच्या त्या गुत्त्यात, तिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही म्हणून. रविवारची टोपी घालून खांबाआड बसली, पुढ्यात सोड्याची बाटली. म्हणाली, फक्त त्याची तब्येत बघायची, गाणं ऐकायचं नाही. तू मुद्दाम थांबलास, तिला वाटलं तू अडलास. आपण कुठे बसलोय हेच विसरली. मग मला ओढतच बाहेर काढलं. "चर्चमध्ये कळलं तर माझी धिंड निघेल. त्याला सांगशील तर याद राख."

उन्हाळ्यात पेपरात झिंगलेली हा शब्द वाचून दोन दिवस धुसफुसत होती. जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नाही म्हणे. मग हळूच म्हणाली, ती बाजू लाव.

आई बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं. गेल्या महिन्यात तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, वाचा परत येणार नाही. कळतं सगळं. काल तो आवाज आला तेव्हा तिचे ओठ हलले. मला तिथे थांबवेना, मी अंगणात जाऊन उभी राहिले.

तू कंपनीला काही कळवण्याआधी घरी ये. तिच्यासमोर बस आणि तो आवाज कापू का, ते तिलाच विचार. ती हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. तिचं बोलणं आता त्या रेकॉर्डवर आहे तेवढंच उरलंय, आणि ते तुझ्या हातात आहे.

दोघींच्या वतीने,
व्हर्लीन