दुसरा खट्

४ सप्टेंबर, गुरुवार

म्हातारी जाणार! दुपारी मास्तरांचा निरोप आला. या मोसमानंतर पार्कवाले तिला पाडणार, लाकूड भंगारात, आणि त्या जागी पाण्याच्या घसरगुंड्या. शेवटची फेरी महिनाअखेरच्या रविवारी. सगळ्यांनी यायचंच, सबबी सांगायच्या नाहीत – हे खास माझ्यासाठी असावं.

म्हातारी म्हणजे आमची लाकडी रोलर कोस्टर. चढताना कण्हते, उतरताना किंचाळते, वळणावर तिचे सांधे असे करकरतात की नवखा माणूस डोळेच मिटून घेतो. गुळगुळीत लोखंडी कोस्टर पुष्कळ पाहिल्या आम्ही, पण जीव हिच्यावर. आमच्या टोळक्याचं नाव 'उलटी मंडळ'. उलटं व्हायची हौस म्हणून मास्तरांनी ठेवलंय. ऐकणाऱ्याला दुसरीच उलटी आठवते. तीही होते अधूनमधून.

निरोप वाचला तेव्हा माझ्या हातात गिऱ्हाइकाची पँट होती, कंबर सैल करायला आलेली. दुकानात दिवसभर लोकांच्या कंबरा सैल-घट्ट करणं हाच माझा धंदा. माझी स्वतःची या वर्षात किती वेळा उसवली ते विचारू नये.

५ सप्टेंबर

टेप घेतला आणि आरशासमोर उभी राहिले. टेपला भीडभाड नसते.

म्हातारीला दोघांत मिळून एकच दांडा. जुनी गाडी, पट्टेबिट्टे काही नाहीत. दांडा खाली ओढला की खट्! – तो अडकतो, वर जात नाही, पण राहतो उंच. आणखी दाबला की दुसरा खट्, मग तो मांडीला टेकतो. दोन खट् कानांनी ऐकल्याशिवाय दांडे दाबणारा माणूस गाडी सोडत नाही. ज्याचं पोट आडवं येतं त्याला उतरवतात. सगळ्या रांगेदेखत, फलाटावरून उलटं चालत यायचं.

तेवढी शोभा नको म्हणून रांगेच्या तोंडाशीच नमुन्याची एक खुर्ची ठेवलीय, दांड्यासकट. शंका असेल त्याने आधी तिथे बसून बघावं. आमच्यात एक रीत आहे. त्या खुर्चीत कुणीही बसलं – ओळखीचं, अनोळखी – तर मंडळाने पाठ फिरवायची. मास्तरांनीच घालून दिली. शाळेत भूगोल शिकवला जन्मभर, फळ्याकडे तोंड करून पोरांची लाज राखायची सवय असेल त्यांना. मीही कितीदा फिरवलीय पाठ. तेव्हा वाटायचं, काय पण सभ्य आहोत आपण!

७ सप्टेंबर, रविवार

आज सकाळपासून गोळी घेतली नाही.

लिहून टाकलं. आता जरा बरं वाटतंय.

डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडतायत, मूत्रपिंडं तग धरतील. पडू देत लागू. त्यांनीच मी अशी फुगलेय. तोंडाची उशी झालीय, मानेवर गादी आलीय. वर्षभर मंडळात फिरकले नाही. कधी सर्दी, कधी कुणाचं लग्न. कुणाला काही सांगितलेलं नाही. चिमणीलाही नाही, आणि ती तर माझी दांड्याची जोडीदारीण. ती बँकेत कारकून, अंगाने एवढीशी की दोघींत मिळून पाऊण जागा पुरायची. आता ती तेवढीच आहे. बाकीची सगळी मी.

रोज सकाळी वहिनी गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहते. गिळेपर्यंत हलत नाही. आज गोळी गालात ठेवली, पाणी प्यायले, हसले. मग मोरीत.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम तर नाहीच, जीवावर बेतेल. ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पण तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे. म्हातारी परत भेटणार नाही, गोळ्या काय, आहेतच जन्माला पुजलेल्या.

१२ सप्टेंबर

कमरेचा हूक एक घर आत गेला!

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुकानाचा जिना चढताना मध्ये बसावं लागलं. मालकीणबाई म्हणाल्या, चेहरा उतरलाय हो तुमचा. मी म्हटलं, उतरू दे, त्याचसाठी चाललंय सगळं. त्यांना कळलं नाही, पण हसल्या.

दादाला पार्कचं सांगितलं. तो शाळेची बस चालवतो, पण स्टुलावर चढायचं झालं तरी वहिनीला स्टूल धरावं लागतं. "तिथे जाऊन काय मिळतं गं तुला?" नेहमीचाच प्रश्न. काय सांगू? खाली कोसळताना पोटात जो खड्डा पडतो ना, त्यात काही म्हणजे काहीच नसतं. रिपोर्ट नाही, सूज नाही, उद्या नाही. त्याला म्हटलं, हवा मिळते. बरं, म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून कामाला गेला. अजून मी सहावीतच आहे त्याच्या लेखी.

२० सप्टेंबर

पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरायला वेळ लागतो. हूकही परत आपल्या घरी.

मला वाटलं होतं गोळी थांबली की अंग ओसरेल. हे उलटंच झालं. म्हणजे आधी गोळीने फुगले, आता गोळीवाचून फुगतेय. दोन्हीकडून माझीच कंबर!

चिमणीचा फोन. शेवटून दुसरी रांग धरून ठेवते म्हणाली. माझा आवाज ऐकून, बरी आहेस ना, असं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. आता परत गोळी सुरू करून काय उपयोग? इथवर आलेच आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला, मागे नाड्या. पोट आत दाबून आवळला. टेप म्हणतो बरा फरक आहे. श्वास म्हणतो नाही. टेपचं ऐकायचं ठरवलंय.

२९ सप्टेंबर, सोमवार

काल आल्यावर लिहवलं नाही. आज अंथरुणातच आहे. दुकानात कळवलं. पण हे लिहिणारच.

फाटकाशी सगळे होते. मला बघून सगळे एकदम तिकिटं मोजायला लागले, आणि त्यावरूनच कळलं मी कशी दिसते ते. चिमणी तेवढी धावत येऊन गळ्यात पडली. तिचा हात पाठीवरच्या नाड्यांना लागला, तो तसाच राहिला थोडा वेळ. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मंडळ पुरं झालं." ते रांगेकडे वळले तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

नमुन्याच्या खुर्चीपाशी मी थांबले. सरळ पुढे जाता आलं असतं, पण वर सगळ्यांदेखत उतरवलं तर? मी बसले. माझ्या मंडळाने माझ्याकडे पाठी केल्या. मास्तरांची वाकलेली, चिमणीची वीतभर, बाकीच्यांच्या. किती पाठी त्या! त्या रीतीत काय असतं ते बसल्यावर कळलं. एवढं एकटं मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

दांडा ओढला. खट्. आणखी दाबला. नाही. श्वास सोडला, दोन्ही हातांनी रेटला, पट्टा बरगडीत घुसला. नाही म्हणजे नाही. सोडून दिला आणि उठले. "झाले दोन," म्हटलं. मास्तर म्हणाले, उत्तम. कुणी मागे वळून बघितलं नव्हतंच.

जिना चढताना चिमणीने माझं कोपर धरलं होतं. वर उतरवतील हे मला माहीत होतं. तरी चढत होते. म्हातारीजवळ जाऊन, तिच्या ग्रीसचा वास घेऊन उतरवलेली परवडली, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. खरं म्हणजे डोक्यात काही नव्हतंच.

बसलो. माणूस दांडे दाबत रांगारांगांनी येत होता. आमच्याशी आला. खट्. त्याने भार दिला, मी पोट आत ओढलं, चिमणीही वाकून दाबू लागली. तिचे केस माझ्या तोंडावर. आणि – खट्! झाला! दुसरा झाला! त्याने दांडा वर उचलून पाहिला, हलला नाही, पुढच्या रांगेकडे गेला. मी चिमणीकडे बघितलं. ती सरळ समोर बघत होती, पांढरीफटक.

म्हातारी कण्हत चढू लागली. माथ्यावर क्षणभर थांबली, तिची सवय. खाली झाडं, गाड्यांचा तळ, लांबवर इमारती. मग सुटलो. देवा, तो खड्डा! वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकत होते तो हाच. काही नव्हतं त्यात. मी नव्हते, माझी मूत्रपिंडंही नव्हती. मी ओरडले, हसले, शिव्या दिल्या.

चिमणीची मात्र गंमतच. एरवी पहिल्या उताराला दोन्ही हात वर करणारी ती, काल मला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून बसली, तोंड माझ्या खांद्यात. म्हटलं, काय गं, म्हातारीपेक्षा तूच म्हातारी झालीस! शेवटच्या मोठ्या उताराआधी तिचा एक हात मी ओढून सोडवला आणि आपल्या हाताने वर धरला. शेवटची फेरी आहे, हात खाली ठेवून कशी जाणार? ती किंचाळली. मी म्हटलं, अस्सं!

उतरल्यावर मी तिथेच फलाटावर बसले, ती माझ्याशेजारी बसली. मास्तरांनी म्हातारीच्या खांबावर हात फिरवला आणि चष्मा पुसला.

३ ऑक्टोबर

दवाखाना. वहीपेन वहिनीने आणून दिलं. लिहायला हात चालत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पार्कहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मोरीत पडले म्हणे. मला आठवत नाही.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जे सावरत आलं होतं ते गेलं, म्हणाले. आता मशीन. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा दिवस. किती दिवस, असं दादाने विचारलं. त्यांनी तारखांचा कागद दिला, त्यात शेवटची तारीख नव्हती. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. हा चौथा मजला आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसेल.

वहिनी दुपारी एकटीच बसली होती. बराच वेळ चादरीची घडी घालत, मोडत होती. मग हळूच म्हणाली, "मी समोर उभी असायचे गं रोज."

मी डोळे मिटून घेतले.

११ ऑक्टोबर

मशीन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मशीनवर असताना रक्त बाहेर जाताना दिसतं, परत येताना दिसतं. शेजारच्या आजी झोपा काढतात. सवय होते, म्हणाल्या.

सगळं गेलं. दुकान गेलं, मालकीणबाईंनी दुसरी बाई ठेवली, चूक नाही त्यांची. वहिनीचा विश्वास गेला. म्हातारीही आतापावेतो आडवी झाली असेल. पुढे काही दिसत नाही. बरं व्हायचं असतं असंही काही उरलेलं नाही, नुसतं टिकायचं.

एकच गोष्ट आहे, ती मात्र धरून बसलेय. दुसरा खट् झाला. खुर्चीत झाला नव्हता, पण म्हातारीत झाला. माझ्या कानांनी ऐकला. ज्याच्यासाठी एवढं सगळं घालवलं ते मिळालं तरी. कुणी मेहरबानी केली नाही, कुणी उतरवलं नाही. मावले मी.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिमणी आली होती. तिला हेच सांगितलं – निदान दुसरा खट् तरी झाला. ती रडायला लागली.

म्हणाली, "तो मी केला. तोंडाने."

मला कळेचना. मग म्हणाली, "खुर्चीपाशी पाठ फिरवली होती गं आम्ही. कान नव्हते फिरवले."

दांडा माझ्या पोटावर पहिल्याच खटक्याला अडकला होता. मी पक्की होते, हलणारही नव्हते. तिच्या मांडीवर मात्र वीतभर हवा होती. धरायला फक्त मी होते.

आणि मी तिचा हात सोडवला.