प्रीतमच्या नावातले दोन E

कडाव, ता. कर्जत
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतम यास,
अण्णाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. भात कापून झालं, झोडणी उरली आहे. तुझ्या आईचा गुडघा सकाळी आखडतो, दुपारी सुटतो. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. फोनवर तसंही स्पेलिंग दिसत नाही, म्हणून पत्र.

पेंटरची कामं संपल्यात जमा आहेत. नाक्यावरच्या डेअरीनेसुद्धा फ्लेक्स लावला. त्यात PRODUCTS मधला C गाळलाय. मी सांगायला गेलो तर डेअरीवाला विठू म्हणतो, "रामभाऊ, दूध पिनारा स्पेलिंग वाचत नाय." मी घरी आलो. पूर्वी भांडलो असतो.

वही मात्र चालू आहे. बोर्डावरच्या नावातून शब्द काढायची आपली वही. सातवी शिकलेल्या माणसाने रद्दीतल्या डिक्शनरीवरून इंग्रजी केलं, हे मी गावभर सांगत फिरायचो. नियम तुला पाठ होते: नावात जेवढी अक्षरं तेवढीच वापरायची, एकदाच असलेलं अक्षर दोनदा नाही, आणि शब्द डिक्शनरीत दाखवता आला पाहिजे. सगळी अक्षरं संपली, एकही उरलं नाही, तर तो पूर्ण शब्द. जेवताना तू ताटातच बोटाने अक्षरं काढायचास आणि आई ओरडायची.

आता २०१२ च्या जयंतीचं लिहितो. इतकी वर्षं ते टाळलं.

विहारात मुलांचा कार्यक्रम होता आणि मला फळा दिला होता. दीप्तीच्या नावातून, DIPTI मधून, TIP काढला, दोन अक्षरं उरली. मग तुझं नाव लिहिलं, PRITAM. सहाच्या सहा अक्षरं लागली. आनंदाच्या भरात मी मोठ्या अक्षरात ARMPIT लिहिलं, खाली रेघ मारली आणि अर्थ सांगितला, काख. सगळे हसले. ती दाद माझ्या शब्दाला आहे असं मला वाटलं. तू पहिल्या रांगेत बसला होतास. तुझ्याकडे मी पाहिलं नाही, फळ्याकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत, "ए काख्या, हात वर कर की रं." तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो तेही लिहितो. "शब्द बरोबर आहे ना? मग लाजायचं काय?"

दहावीच्या फॉर्मवर तू कुणाला न विचारता PREETAM लिहिलंस. का, ते मी विचारलं नाही. I कुठे गेला एवढंच विचारलं. जहाजावरच्या ट्रेनिंगला तुझी निवड झाली, तेव्हा पासपोर्टला आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं नाव निघालं. तू सतराचा, म्हणून बापाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. कर्जतच्या कचेरीत कागद तयार होता, पेन तू हातात दिलंस. मी म्हणालो, "चुकीच्या स्पेलिंगवर माझी सही होणार नाही." ट्रेनिंगची तारीख हुकली. जिना उतरताना तू म्हणालास, "अण्णा, तुमचं बरोबर. तुमचं कायम बरोबर." त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि माझी आठवण चांगली आहे.

आता माझ्या चुका, क्रमाने नाही, सुचतील तशा.

PRITAM मध्ये आणखी एक पूर्ण शब्द होता, IMPART. म्हणजे आपल्याजवळचं दुसऱ्याला देणं, विशेषतः विद्या. तीच सहा अक्षरं. मला A वरच पूर्ण शब्द मिळाला आणि मी डिक्शनरी मिटली. I पर्यंत गेलोच नाही. हा शब्द मला गेल्या पावसाळ्यात दिसला.

मराठीत तुझं नाव मीच दीर्घ री घालून ठेवलं होतं. म्हणजे दोन E तुझेच योग्य होते. हे कळायला शिक्षण लागत नाही.

तू शेलूला घर घेतलंस असं आईकडून कळल्यावर मी पहिल्यांदा PREETAM वहीत लिहिलं. सात अक्षरं. चार दिवस लागले. TEMPERA, एकही अक्षर उरत नाही. अंड्याच्या बलकात कालवून करतात तो रंग. तीस वर्षं मी रंगात हात घातले आणि माझ्या धंद्यातला शब्द त्या दोन E मुळे तुझ्या नावात येऊन बसला होता.

म्हणून सागाच्या फळीवर पाटी केली. प्राइमरचे दोन हात, वर पिवळी अक्षरं, दोन्ही E एका मापाचे. घरभरणीला मला बोलावणं नव्हतं, ती आईबरोबर पाठवली. संध्याकाळी आई परत आली, पिशवीत पाटी तशीच. वर गुंडाळलेल्या पेपरच्या घड्यासुद्धा माझ्याच. मी विचारलं, "बघितली का त्यानं?"

"बघितली. लई वेळ बघितली. मग म्हनला, आई, ने परत."

"दारावर काय लावलंय?"

"स्टीलची पट्टी हाय. नुसता पी आनि आडनाव."

आडनाव तू ठेवलंस. ते सगळ्या कागदांवर सारखं आहे, म्हणून असेल. मी वहीत P लिहिला आणि बसून राहिलो. एका अक्षरात शोधायला काही नसतं.

परवा, शुक्रवारी, कर्जतला जाऊन प्रतिज्ञापत्र करून आलो. PRITAM आणि PREETAM ही एकच व्यक्ती असून तो माझा मुलगा आहे. टायपिस्टने एक E खाल्ला, पुन्हा करायला लावलं. तो म्हणाला, "काका, पोरगा मोठा झाला ना? मग याचा आता कायपन उपयोग नाय." मला ते माहीत होतं. सही केली. कागद सोबत जोडला आहे.

कर्जतपासून शेलू तिसरं स्टेशन. मी येणार नाही. तूही येणार नाहीस, हे धरूनच लिहिलं आहे.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. 'खरा व बरोबर' असं लिहायची पद्धत आहे. 'बरोबर' मी गाळला.

लिहून देणार,
अण्णा