खोलीत कुणी नाही

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायचं तर बाबा हाताच्या अंतरावर, म्हणून हे पत्र. उत्तर गोदामाच्या पत्त्यावर धाड. पदवीचे तीन पेपर राहिलेत, पहिला महिनाअखेरीला. घरूनच द्यायचा, पण अट अशी की खोलीत दुसरं कुणी नको. कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या. आपली खोली ती एकच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मी कुठे उचलून ठेवू?

पदवी हाती आली की गोदामात पर्यवेक्षकाची जागा आणि सोबत दोन खोल्यांचं घर. बाबांना खिडकी मिळेल आणि मला मधलं दार लावता येईल. खरं सांगते, हल्ली कोंडल्यासारखं होतं. कामावरून येऊन पुस्तक उघडते न उघडते तोच पाणी, उशी, पंखा, पुन्हा पाणी. जन्मभर बाजारात लिलाव पुकारलेला गळा तो. अंगातलं बळ गेलं, आवाज जसाच्या तसा. एका दिवसासाठी ये आणि त्यांना गाडीत घालून कुठेतरी ने.

नाही म्हणू नकोस. लोभ आहेच, तो कामाला येऊ दे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रजा मागितली. अडला हरी म्हणून पायही धरले, पण गाढव हललं नाही. नोकरी नवी आहे, जास्त बोलता येत नाही.

तर माझी अक्कल ऐक. कपाटाच्या आडोशाला खाट सरकव, वर चादर टांग. कॅमेऱ्याला काय कळतंय? बाबांना तीन तास गप्प राहायला सांग. कोंबड्याला आरवू नकोस म्हणण्यासारखंच आहे ते, पण लेकीसाठी करतील.

येता येत नाही याची लाज वाटते, म्हणून थट्टा करतोय. पोटात घाल आणि लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पहिल्या पेपरात पास झाले, चांगल्या गुणांनी. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तू ते विसरशील.

तुझ्या अकलेप्रमाणे खाट आडोशाला नेली. कॅमेऱ्यातल्या बाईंनी खोलीत आणखी कुणी आहे का असं विचारलं. मी कुणी नाही म्हणाले, तेही मोठ्याने. बाबा हूं की चूं न करता पडून होते. पेपर संपल्यावर चादर सारली तर खोकला येऊ नये म्हणून उशीचं टोक तोंडात कोंबलेलं, आणि अंथरूण ओलं. मला रडू आवरेना. त्यांनी फक्त पेपर कसा गेला ते विचारलं.

तेव्हापासून ते हाक मारत नाहीत. पाणी नको, कूस बदलायची नाही, काहीच नाही. ज्या शांततेसाठी मी तडफडत होते ती मिळाली, आणि आता वाचता वाचता सारखी उठते, श्वास चालू आहे का ते चादरीमागे डोकावून बघते. काल चादर काढायला गेले तर नको म्हणाले. अजून दोन पेपर आहेत, तोवर सवय राहू दे, म्हणाले. तेही इतक्या हळू की मला कान जवळ न्यावा लागला.

परीक्षेच्या दिवसाची रजा मागू नकोस. त्याआधी कधीही ये, आणि आल्या आल्या बाबांशी कडाडून भांड. लोभ पत्रातून नको, या खेपेला सोबत घेऊन ये.

तुझी ताई